ऋषीची भाजी: चिंच आधी कोणाला, शेवटी कोणाला

वाचकाचं पत्र: पुण्याजवळच्या गावात आमचं घर आहे आणि मागे जेमतेम गुंठाभर परसबाग. अळू, पडवळ, शिराळी, भेंडी, चवळी, मका, लाल भोपळ्याचा वेल असं सगळं लावलंय. सासूबाई ऋषिपंचमी करतात, त्यामुळे त्या दिवशीचं जेवण घरच्याच भाज्यांचं करावं ही माझी हौस. गेल्या वर्षी केलंही, पण फजिती झाली. भाजीचा लगदा झाला, मका मात्र कच्चा राहिला आणि दोन घासांत सगळ्यांचे घसे खाजायला लागले. चिंच भरपूर घातली होती तरी! तेल नाही, फोडणी नाही, त्यामुळे चवही बेताचीच. यंदा बारा माणसं जेवायला आहेत. बागेतलं काय कधी काढू आणि कसं शिजवू?

उत्तर: चिंच भरपूर होती हे खरं, पण ती सगळ्या भाज्यांवर एकदमच पडली असणार. गोम तिथेच आहे. या भाजीत दोन प्रकारची मंडळी एका पातेल्यात येतात. अळू, सुरण, अळकुड्या यांना आंबट सुरुवातीपासून लागतं. मका, चवळी, माठाचे देठ यांना ते सुरुवातीला अजिबात नको असतं, कारण आंबटात भाजीचे कण धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही आणि भाजी करकरीत राहते. म्हणून तुमचा मका शिजला नाही. मक्याची वाट पाहता पाहता भोपळा विरघळायला लागला, म्हणून तुम्ही गॅस बंद केलात आणि अळू अर्धकच्चं राहिलं. तीन तक्रारी दिसतात तीन, पण कारण एकच.

यंदा हाताशी वेळ आहे. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ला, पंचमी २८ ऑगस्टला होती. यंदा, २०२६ला, ज्येष्ठ अधिक आल्यामुळे ती १५ सप्टेंबरला आहे. हे सदर वाचाल तेव्हा साधारण चार आठवडे उरलेले असतील. तेवढ्यात एक पीक शून्यातून उभं राहतं, ते म्हणजे माठ. तुमच्या यादीत तो नाही आणि त्याच्याशिवाय ही भाजी ओकीबोकी लागते. याच आठवड्यात बी फोका. बी मोहरीपेक्षाही बारीक असतं, म्हणून मूठभर कोरड्या वाळूत किंवा राखेत कालवून ओळीत सोडा आणि वरून पेराएवढी नाही, नखाएवढीच माती भुरभुरवा. जास्त माती पडली तर उगवत नाही. मोठ्या सरीने बी वाहून जाऊ नये म्हणून पहिले चार-पाच दिवस वर पोतं किंवा जुनी साडी ताणून ठेवा आणि कोंब दिसले की काढा. पंचविसाव्या दिवसापर्यंत कोवळा पाला तयार होतो. जाड देठाचा माठ मात्र इतक्यात होणार नाही. तो शेजारी कोणाच्या परसात असेल तर मागून घ्या.

आता तुमचा मका. कणसाला केस फुटले की तिथून १८ ते २२ दिवसांत दाणा दुधावर असतो. म्हणजे २५ ऑगस्टच्या आगेमागे ज्या कणसांना केस फुटतील ती तुमची पंचमीची. त्यांच्या देठाला लाल दोरा बांधून ठेवा, नाहीतर सगळी कणसं सारखीच दिसतात आणि नेमकं जून कणीस हाताला लागतं. तोडण्याआधी टोकाचं पान थोडं सोलून दाण्यात नख रोवा. पाणी उडालं तर कोवळं, दूध उडालं तर बरोबर, पीठ निघालं तर गेलं. पीठ निघणारं कणीस तासभर उकळलं तरी दाताखाली चिवटच लागतं. आणि कणीस आदल्या दिवशी काढून ठेवू नका. तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचं पिष्ट व्हायला लागतं. त्याच सकाळचं कणीस या भाजीत गूळ घातल्यासारखी गोडी आणतं, आणि गूळ तर या दिवशी घालता येत नाही.

भेंडी फूल गळल्यापासून पाच-सहा दिवसांत तोडायला येते. म्हणून ९-१० सप्टेंबरला झाडावरच्या सगळ्या मोठ्या भेंड्या उतरवून टाका, म्हणजे पंधराला जे हाती येईल ते कोवळंच असेल. शिराळी आणि पडवळालाही हाच न्याय लावा. एक जून फळ वेलावर राहिलं की वेल नवी फळं धरायला कुचराई करतो. पडवळ दाबून बघा. बोटाखाली किंचित दबलं पाहिजे. आत लाल गर झाला असेल तर बियाण्यासाठी ठेवा, भाजीत नको. लाल भोपळा जूनमध्ये लावला असेल तर पंचमीपर्यंत तीन महिने होतात. देठ सुकून बुचासारखा झाला आणि सालीत नख रुतेना, की तोडा, देठाचे दोन बोटं ठेवून. तोवर पिकला नाही तर हिरवाच घ्या. हिरवा भोपळा या भाजीत उलट जास्त चांगला टिकतो.

सुरण लावलेला असला तरी यंदाचा कंद उकरायचा मोह टाळा. तो पानं पिवळी पडून खोड कोलमडल्यावर काढायचा, म्हणजे हिवाळ्यात. सप्टेंबरात आत मुठीएवढं काहीतरी सापडेल आणि झाड फुकट जाईल. गेल्या हंगामाचा ठेवलेला नसेल तर सुरण बाजारातून आणा.

एक गोष्ट मात्र नियम म्हणून पाळा. शिराळं, काकडी, दुधी यांतलं प्रत्येक फळ चिरताना त्याचा तुकडा कच्चाच चाखा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. एकाच वेलावरचं एक गोड आणि दुसरं कडू निघू शकतं. घरचं बी वर्षानुवर्षं धरलेलं असेल, तर दुसऱ्या वेलाशी संकर होऊन कडूपणा उतरण्याची शक्यता जास्त. हा कडूपणा कारल्यासारखा निरुपद्रवी नाही. त्यातलं द्रव्य शिजवून जात नाही आणि त्याने उलट्या-जुलाब होतात. कडू लागलं तर थुंका, फळ टाकून द्या, आणि उपासाच्या दिवशी “थोडंसंच कडू आहे, चालेल” असं तर मुळीच म्हणू नका.

आता अळू. वडीचं अळू म्हणजे काळपट-जांभळ्या देठाचं, जाड पानाचं. भाजीचं अळू फिकट हिरव्या देठाचं, पातळ पानाचं. या भाजीला दुसरं घ्या. बागेत शोभेचं रंगीत पानाचं कॅलेडियम लावलेलं असेल तर ते अळूसारखं दिसतं, पण खायचं नसतं, कितीही शिजवलं तरी. आणि अळू मोरीच्या पाण्यावर वाढलेलं असेल (बहुतेक परसांत ते तिथेच वाढतं), तर भांडी-कपड्यांचं साबणाचं पाणी आतापासून दुसरीकडे वळवा.

अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण घशाच्या आतल्या नाजूक त्वचेत टोचतात. तीच ती खाज. नुसत्या दोन उकळ्यांनी ती जात नाही. पुरेसा वेळ शिजवणं आणि आंबट, दोन्ही लागतं. हाताची खाजही त्याचीच. म्हणून पानं धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी झाल्यावरच चिरा. ओल्या अळूने हात जास्त खाजतात. त्या दिवशी हाताला तेल लावायचं नसेल तर चिंचेचा घट्ट कोळ चोळा. देठांची वरची साल टोकापासून ओढून काढा, ती दोऱ्यासारखी निघते. देठ टाकू नका, भाजीला अंगचा दाटपणा त्यांनीच येतो.

बारा माणसांना लागणारं साहित्य असं. देठांसकट अळूची बारा-पंधरा पानं, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम. सुरण ३०० ग्रॅम, अळकुड्या किंवा रताळी २०० ग्रॅम, लाल भोपळा ५०० ग्रॅम, पडवळ ३००, शिराळी ३००, भेंडी २००, चवळीच्या शेंगा २००, माठाचा पाला एक मोठी जुडी आणि मिळाले तर देठ पाव किलो. कणसं तीन. चिंच मोठ्या लिंबाएवढी, तिचा दीड वाटी कोळ. परसात अंबाडे लागले असतील तर चार अंबाडे ठेचून घाला आणि चिंच निम्मी करा, त्याची चव चिंचेपेक्षा सरस. हिरव्या मिरच्या आठ-दहा, एक नारळ, मीठ. एवढ्याला आठ लिटरचं जाड बुडाचं पातेलं हवं. स्टीलचं चालेल. पितळी असेल तर आतून कल्हई शाबूत असली पाहिजे. चिंचेला उघडं पितळ किंवा तांबं दाखवायचं नाही.

चिरताना नेहमीची सवय उलटी करा. जे उशिरा शिजतं ते लहान, जे लवकर शिजतं ते मोठं. सुरण बोटाच्या पेराएवढा, भोपळा सालीसकट दोन इंची, शिराळ्याच्या फक्त शिरा काढून दीड इंची, भेंडी लहान असेल तर अख्खीच, टोक-देठ छाटून. भोपळ्याची साल काढली की तो विरघळलाच म्हणून समजा. गेल्या वर्षीचा लगदा बहुधा त्याचाच असावा. कणसाचे इंचभर जाडीचे गोल तुकडे करा. सुरी आत अडकली तर तिच्या पाठीवर वरवंट्याने एक ठोका द्या. भोपळा, पडवळ, चवळी आदल्या संध्याकाळी चिरून ठेवता येतात. चतुर्थीला मोदकांनी थकलेल्या हातांना तेवढीच मदत. भेंडी आणि शिराळी मात्र सकाळीच.

सुरणाच्या फोडी वाटीभर चिंचेच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवून ते पाणी टाकून द्या. मग कुकरच्या एका भांड्यात सुरण आणि अळकुड्या, दुसऱ्यात अळूची पानं आणि देठ. दोन्ही भांड्यांत पाव-पाव वाटी कोळ आणि अळूत वाटीभर पाणी. चार शिट्ट्या करा, मग मंद आचेवर पाच मिनिटं. रताळी घेतली असतील तर ती इथे नकोत, ती भोपळ्याबरोबर जातात. वाफ जिरल्यावर अळू पळीने घोटा. मग अगदी चिमूटभर अळू जिभेच्या टोकावर ठेवून पाच मिनिटं थांबा. काही चुरचुरलं नाही तर पुढे जा. चुरचुरलं तर आणखी दोन चमचे कोळ घालून पुन्हा दहा मिनिटं उकळा. ही परीक्षा इथेच घ्यायची, सगळं एकत्र केल्यावर नाही. एकत्र झाल्यावर खाज कळली तर सुटका नाही.

इकडे मोठ्या पातेल्यात पाच वाट्या पाणी उकळायला ठेवा. त्यात कणसाचे तुकडे, चवळी, माठाचे देठ आणि दोन चमचे मीठ. झाकून पंधरा मिनिटं. इथे चिंचेचा थेंबही नको. दाणा नखाने सहज फुटायला लागला की पडवळ, आणि तीन-चार मिनिटांनी भोपळा आणि रताळी. भोपळ्याच्या फोडीत सुरी टोचल्यावर किंचित अडते, अशा वेळी शिराळी टाका. पाणी कमी वाटेल, पण वाढवू नका. शिराळं आणि भोपळा स्वतःचं पाणी सोडतात. आणि इथून पुढे ढवळायचं नाही. पातेलं दोन्ही हातांनी धरून नुसतं हलवायचं. पळीने ढवळलेली भाजी आणि हलवलेली भाजी, ताटात पडल्यावर दोन वेगळे पदार्थ वाटतात.

पाच मिनिटांनी घोटलेलं अळू आणि सुरण यात मिसळा आणि मग उरलेली चिंच घाला. भेंडी या चिंचेनंतर. आंबटात तिची तार मोडते. आधी टाकलीत तर सगळा रस्सा बुळबुळीत होतो. चार मिनिटांनी माठाचा पाला. लाल माठ असेल तर भाजीला गुलाबीसर रंग चढेल, त्याने घाबरू नका. शेवटी अर्ध्या नारळाचा चव पाच मिरच्यांबरोबर भरड वाटून, आणि उरलेला अर्धा नारळ नुसताच खवून. खोबरं पडल्यावर एकच हलकी उकळी, जास्त उकळलं तर फुटतं. उरलेल्या मिरच्या उभ्या चिरून वर टाका, मीठ चाखून आणखी दोन-तीन चमचे, आणि झाकण ठेवून गॅस बंद. आता अर्धा तास हात लावू नका. सगळ्यांचे रस एकमेकांत त्या अर्ध्या तासात मुरतात.

चवीची तक्रार बहुतेक इथेच मिटेल. ही भाजी बेचव होते ती तेल नसल्यामुळे नाही, मीठ शेवटी घातल्यामुळे. मका आणि देठ यांना सुरुवातीच्या पाण्यातच मीठ मिळालं पाहिजे, वरून घातलेलं त्यांच्या आत शिरत नाही. त्याउपर हवंच असेल तर वाढताना चमचाभर ताजं लोणी. गाईचं की म्हशीचं, हे मात्र सासूबाईंना विचारा. काही घरांत या दिवशी गाईचं दूध-तूप वर्ज्य असतं आणि म्हशीचं चालतं. काही जण मीठही सैंधवच घेतात.

बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा या दिवसाचा मूळ नियम. तेलही त्याच हिशेबाने बाद, कारण बी शेतातलं आणि घाण्यालाही बैलच. ट्रॅक्टरने नांगरलेलं चालतं का, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी मिस्कीलपणे विचारतंच. शब्दशः पाहिलं तर चालायला हवं. पण गुंठाभर परस कुदळीने खणलेला असेल, तर हा वाद तुमच्या दारात येतच नाही. बाजारातल्या सुरणाचं काय करायचं तेही घरात ठरवा. नको म्हणाल्या तर सुरण वगळा आणि अळकुड्याही परसातल्या नसतील तर रताळी वाढवा. भाजी अडत नाही.

सोबत वरईचा भात. कोकणात काही घरांत पाणथळ जागी आपोआप उगवलेल्या देवभाताचा भात करतात, पण पुण्याकडे वरईच सोयीची. बारा जणांना पाच वाट्या. धुऊन चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या, मग कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं परता. दाणा मोकळा होऊन हलका वास सुटतो. तूप घालायची गरज नाही. बारा-साडेबारा वाट्या उकळतं पाणी, मीठ, झाकण, मंद आच, दहा मिनिटं. पाणी आटलं की बंद करून आणखी दहा मिनिटं झाकूनच ठेवा. चिकट गोळा होतो तो न भाजता थंड पाण्यात शिजत घातल्याने. वरई घेताना वास घेऊन बघा. दमट, कुबट वास आला तर ती घेऊ नका. पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि अशा वरईने बाधा होते.

काकडीची कोशिंबीर करायची तर काकडी किसू नका, कोचवा. किसलेली काकडी दही घालताच पाणी सोडते. मीठ पानावर वाढायच्या क्षणी. शेंगदाण्याचं कूट शेतातलं म्हणून नको, त्याऐवजी मूठभर खवलेलं खोबरं आणि एक ठेचलेली मिरची.

साडेबाराला पानं मांडायची असतील तर कणसं साडेनऊला तोडा आणि कुकर दहाच्या आत चढवा. पातेलं साडेदहाला गॅसवर गेलं तर साडेअकराला भाजी मुरायला बसते. उरलीच, तर खोबरं आहे हे लक्षात ठेवून तीनच्या आत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी ती घट्ट झालेली असते, म्हणून गरम करताना पाणी घाला, चिंच नको.